जोडव्यातली चांदी, पट्टीतली चांदी

“डायबेटिक फूट,” पनवेलच्या सर्जनबाई म्हणाल्या आणि त्यांनी जोडवं कापायला कटर मागवला. डायबेटिक फूट म्हणजे साखरेने नसा बधिर झालेलं, रक्त कमी पोचणारं पाऊल. माझ्या बोटात जोडवं हाडापर्यंत रुतलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. बोट सुजलं तेव्हाच मी ते काढायला निघाले होते, पण सासूबाईंनी नवऱ्याच्या आयुष्याची शपथ घातली.

“कापलं एकदाचं,” मी म्हणाले.

“कापलं नको बोलू गो, वाढवलं बोल.” सासूबाई उरणच्या कोळीवाड्यातल्या. फुटलेल्या बांगडीलाही आपण वाढवलीच म्हणतो.

मग जखमेवर पट्टी आली, तीही चांदीची. नॅनोसिल्व्हर.

“मंग माजं पैंजणच बांदा की,” सासूबाई म्हणाल्या.

“चांदी तीच, आजी, पण तितकी बारीक केली की गुण बदलतो,” बाई म्हणाल्या. “नॅनोकण केसाच्या जाडीत हजारो मावतात. तेवढ्याच चांदीचा कितीतरी जास्त भाग उघडा पडतो. त्यातून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण सुटतात आणि जंतू मरतात. पैंजणातून तेवढे सुटत नाहीत.”

मासे खारवणाऱ्या घरात हे लगेच कळतं: खडेमीठ उशिरा लागतं, कुटलेलं पटकन. पण नॅनोकणांचा रंगसुद्धा बदलतो. सोनं तितकं बारीक केलं की लाल दिसतं. पांढरं झिंक ऑक्साइड दिसेनासं होतं, म्हणून ते उन्हाच्या क्रीममध्ये घालतात. पडल्या पडल्या मी हे सगळं विचारून घेतलं. त्या कणांवर माझी फार भिस्त होती.

पट्टी दर वेळी काळी निघायची, ती काळवंडलेली चांदी. एकदा पट्टी निघाली आणि काळं पावलावर तसंच राहिलं. गँगरीन, म्हणजे मेलेलं मांस.

“पट्टी वरचे जंतू मारते, बंद रक्तवाहिनी उघडत नाही. पाऊल वाचणार नाही, कापावं लागेल,” बाई म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही, याचे मी आजही आभार मानते. तुम्हाला साखर असेल तर रोज तळवे बघा, आणि बोटात काही रुतत असेल तर कुणाला न विचारता काढा.

शुद्ध आली तेव्हा सासूबाई पायथ्याशी होत्या.

“काय केलं गो?”

“पाऊल वाढवलं, आई.”

सासूबाईंनी चादर उचलून उरलेल्या पायातलं जोडवं चाचपलं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. मी कशीबशी वाकले, ते ओढून काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

“हे काढलं,” मी म्हणाले.

नवरा खाली कँटीनमध्ये चहा पीत होता, ठणठणीत.