फक्कीची रेघ

त्याचं नाव मला ठावं न्हाई. लातुरात आमच्या गल्लीत त्यो पालिकेकडनं घरांच्या मोजणीला यायचा. दारापुढं पांढऱ्या फक्कीची रेघ मारून जायचा, अन् सकाळी सडा टाकताना मी ती पुसून काढायची. मला वाटायचं, रेघ ऱ्हायली की घर गेलं, अन् आपल्याला गावाबाहेर नेऊन टाकतेत.

त्यो कधी रागावला न्हाई. चार दिस पँट दुमडून, उकिडवं बसून त्यानं तीच रेघ पुन्हा मारली.

पाचव्या दिशी मीच म्हणले, "बाबा, मी जाणार न्हाई. मालक गेल्यापून तीन घरच्या भाकरी थापून लेकरं वाढवली. ती घरं हितून पायी हायेत. गावाबाहेरून कशी येऊ?"

"कोण नेतंय, मावशी? गाव बाहेर पसरवायचंच न्हाई. हितंच मजले चढवायचे, समद्यांना हितंच घर."

"अन् माझे गुडघे?"

कानावरची पेन्सिल काढून त्यानं वहीत लिवलं अन् वाचून दाखवलं, "मावशीला खालचा मजला."

"आता हे पुसू नको," मी म्हणले.

"पुसायचं काम तुमचं हाय," त्यो म्हणला.

दुसऱ्या दिशी मी सडा टाकला, पर रेघ सोडून.