दादाची दोन्हीकडची सोय

माझा दादा गेल्याची बातमी मला हात जोडलेल्या इमोजींवरून कळली. मी कार्डिफला एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे आणि कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर वहिनीचे कितीतरी मिस्ड कॉल, आणि लंडनजवळच्या ब्रॅकनेलच्या मराठी ग्रुपवर रांगेने जोडलेले हात... ‘सुहासदादा, भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्या रांगेच्या मधोमध कुणीतरी शनिवारच्या बॅडमिंटन कोर्टाचं बुकिंगही टाकलेलं. मी तिथेच, लॉकरसमोर उभी राहून, खणखणीत मराठी शिवी हासडली. शेजारच्या वेल्श मुलीला शब्द कळला नसेल, पण तिने खुर्ची पुढे सरकवली. त्याला आता दोन महिने होत आले. रडू येणं कमी झालंय, राग मात्र जायचं नाव घेत नाही. पुरवणीच्या संपादकांनी प्रेमाने सांगितलं, ‘भावाच्या आठवणी लिहा.’ लिहिते. पण गोडगोड जमणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आमच्या आईबापांनी सबुरी सगळी दादाला दिली आणि राग सगळा मला. दादा ब्रॅकनेलला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचे त्याला पैसे मिळत. तोच स्वभाव घरीही. हॉटेलात मेनूच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं वाचून झाल्याशिवाय हा माणूस डोसा मागवायचा नाही. वहिनी म्हणायची, ‘आमचं लग्न ठरलं तेव्हा यांनी पत्रिकेचं प्रूफ चार वेळा तपासलं, मला मात्र एकदाच बघितलं.’ गेली काही वर्षं त्याला एक छंद लागला होता, प्रेडिक्शन मार्केटचा. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका त्याला दबक्या आवाजात ‘सट्टा’ म्हणायच्या. मी एकदा नाताळात तो आमच्याकडे आला असताना तोंडावरच विचारलं, ‘दादा, जुगार खेळतोस काय रे म्हातारपणी?’

तो मटार सोलत होता. हसला आणि टेबलावर मटारांचेच दोन ढीग केले. म्हणाला, ‘नंदे, समज दोन वेबसाइट आहेत. दोन्हीकडे एकच प्रश्न आहे, अमुक गोष्ट घडणार का? “होय” विकत घेता येतं, “नाही” विकत घेता येतं. जे खरं ठरेल त्याचा एक पौंड मिळतो, दुसऱ्याचं शून्य. आता इकडे “होय” चाळीस पेन्सला मिळतंय आणि तिकडे “नाही” पन्नासला. मी दोन्ही घेतो. नव्वद पेन्स गेले. घडो किंवा न घडो, एक पौंड येणारच. मला भविष्य कळत नाही गं, मला फक्त दोन दुकानांतल्या भावातला फरक दिसतो.’ मला एवढं सोपं काही असतं यावर विश्वासच बसेना. मी म्हटलं, मग सगळं जग हेच का करत नाही? तर त्याचे डोळे चमकले. हाच प्रश्न त्याला हवा होता. मटार बाजूला राहिले आणि माझा पुलाव तासभर लांबला.

सगळं जग करतं आणि सगळं जग त्याच त्याच चुका करतं, हे त्याचं म्हणणं. दोन्हीकडचं कमिशन आणि पैसे काढायचा खर्च धरायला लोक विसरतात, मग ते दहा पेन्स बघता बघता दोनावर येतात. एक बाजू घेतात आणि दुसरी घ्यायला जाईपर्यंत तिथला भाव सरकतो. मग तो माणूस अधांतरी, एक पाय बोटीत आणि एक धक्क्यावर. म्हणून जिथे माल थोडा, ती बाजू आधी घ्यायची. भाव दिसतो तो बऱ्याचदा चारदोन हिश्शांपुरताच असतो, तेही बघायचं. आणि निकाल लागेपर्यंत पैसे अडकून पडतात, त्या अडकण्याची किंमत कुणीच मोजत नाही. ‘थांबणं फुकट नसतं, नंदे,’ असं माझा भाऊ माझ्या स्वयंपाकघरात बसून मला म्हणाला होता... माझा भाऊ! पण सगळ्यात मोठी चूक, तो म्हणायचा, दोन्हीकडचा प्रश्न खरंच एक आहे का हे न बघण्याची. वरचं शीर्षक सारखं असतं, पण खालचे निकालाचे नियम वेगळे असतात. ते वाचायचा कंटाळा केला की तोंडावर आपटायचं.

मंडळात हे ऐकून काहीजण त्याच्या मागे लागले. त्यात नागपूरचा पराग, दादाच्याच ऑफिसात व्हिसावर आलेला, हुशार, बोलायला पटाईत आणि पायाला भिंगरी. गणपतीच्या जेवणात दादाने त्याला अर्धा तास हेच सगळं समजावलं होतं, मी स्वतः ऐकलं. आठवड्याभरात गड्याला ‘संधी’ सापडली. एक मंत्री महिनाअखेरीपर्यंत पद सोडणार का, हा प्रश्न दोन्ही साइटवर होता. एकीवर ‘नाही’ स्वस्त, दुसरीवर ‘होय’ स्वस्त. परागने दोन्ही घेतलं. मंत्र्याने राजीनामा जाहीर केला, पण दुसरा माणूस नेमेपर्यंत खुर्चीत बसून राहिला. पहिल्या साइटचा नियम होता की जाहीर केलं तरी पुरे. दुसरीचा होता की प्रत्यक्ष खुर्ची सोडली पाहिजे. पहिलीवर निकाल ‘होय’, दुसरीवर ‘नाही’, आणि परागची दोन्ही तिकिटं रद्दी! दादा त्याला एवढंच म्हणाला, ‘अरे, फुकटचे पैसे दिसले की समजायचं, आपलं काहीतरी वाचायचं राहिलंय.’ आवाजसुद्धा चढवला नाही. मी असते तर परागला पळी फेकून मारली असती.

तोच पराग दादाच्या अंत्यसंस्काराला माइकसमोर उभा राहिला. इथे माणूस गेला तरी रांग चुकत नाही, तीन आठवड्यांनी क्रिमेटोरियमची वेळ मिळाली होती. पुण्याहून रोज फोन, ‘अजून कसं नाही झालं?’ आणि एवढ्या ताटकळीनंतर हा पठ्ठ्या सुटाबुटात उभा राहून इंग्रजीत सांगतो की सुहासदादांनी आम्हाला हिशेबी धोका पत्करायला शिकवलं! माझं डोकं असं फिरलं... अरे, कुठला धोका? त्या माणसाने आयुष्यात एक धोका घेतला नाही. पुण्याचा फ्लॅट ठेवला, न जाणो परत जायला लागलं तर. ब्रॅकनेलचं घर भाड्याचंच ठेवलं, न जाणो परत जायचं ठरलं तर. वहिनीला बागेत सफरचंदाचं झाड लावायचं होतं, तर म्हणे फळं धरेपर्यंत आपण इथे असू कशावरून? याला तो ‘दोन्हीकडची सोय’ म्हणायचा. त्या सोयीनेच त्याला खाल्लं. हे मी लिहिणार आहे, कुणाला वाईट वाटलं तरी.

झालं असं. गेल्या उन्हाळ्यात जिना चढताना त्याच्या छातीवर दडपण यायला लागलं. इथल्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, तपासून हार्टच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रांग मोठी, तारीख मिळाली डिसेंबरातली. आणि डिसेंबरात यांची पुण्याची तिकिटं! मी फोनवर कंठशोष केला. ‘दादा, तिकिटं बदल, तारीख सोडू नकोस.’ त्याचं उत्तर तयार होतं. ‘अगं, इथे फुकट आहे पण उशीर लागतो. तिथे पैसे लागतात पण चार दिवसांत होतं. मी इथली तारीख पुढे ढकलून घेतो, म्हणजे हातात राहील, आणि तिथेही दाखवतो. दोन्ही बाजू आपल्याकडे.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, ‘तुझेच नियम तुला ऐकवू का? हे दोन प्रश्न एक आहेत का? इथला प्रश्न आहे तारीख कधी, तिथला आहे पैसे किती. आणि दोन्हीच्या मध्ये तू अडकून पडणार त्याची किंमत कोण धरणार?’ तो हसला. ‘नंदे, शरीर म्हणजे काय मार्केट आहे?’ ‘तेच सांगतेय मी मघापासून!’ असं मी किंचाळले आणि फोन आपटला. तो फोन आपटल्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. पुन्हा आपटेन.

पुण्याला डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, अँजिओग्राफी लगेच करून घ्या. लगेच! मग खर्चाचा कागद समोर आला आणि आमच्या दादाला आठवलं की आपली इथली तारीख तर फेब्रुवारीत आलेलीच आहे, आणि तीही फुकट. पैसे नव्हते असं अजिबात नाही. पण जे एका दुकानात फुकट आहे ते दुसऱ्यात विकत घ्यायचं, हे त्याच्या हिशेबात बसेना. तिथल्या काकांना सांगितलं, ‘लंडनला करून घेतो, तिकडे यंत्रं चांगली.’ सगळे खूश. इथे येऊन सईला, म्हणजे त्याच्या लेकीला, म्हणाला, ‘पुण्याच्या डॉक्टरांनी बघितलंय.’ सई केंब्रिजला संशोधन करते, इथेच जन्मलेली. क्रिमेटोरियमच्या पार्किंगमध्ये ती मला धरून रडत होती. ‘आत्या, मला वाटला की टेस्ट पुण्यात झाला. बाबा तसंच बोलला... मी विचारली पण नाही कुठला टेस्ट.’ पोरीचा काय दोष? पुण्याच्यांना वाटत होतं इकडे होतंय, इकडच्यांना वाटत होतं तिकडे झालंय. फेब्रुवारीतली तारीख यायच्या आधीच, ऑफिसच्या जिन्यात, तो पडला. परागची तिकिटं रद्दी झाली तेव्हा त्याला हसू नये असं दादाने मला बजावलं होतं. बरोबरच होतं म्हणा, परागचे नुसते पैसे गेले.

आणि हे काही एकट्या दादाचं खूळ नाही. मी कार्डिफात रोज बघते. आपलीच माणसं, शिकलेली, मोठ्या पगाराची. दात पुण्यात, डोळे मुंबईत, गोळ्या इथे. इथे दुखलं तर ‘गावी गेल्यावर बघू’, आणि गावी दुखलं तर ‘तिकडे गेल्यावर बघू’. विमानात बसलं की तेवढे दहा तास दुखणं थांबतं असा यांचा समज आहे का? एक आजोबा मला काउंटरवर मोठ्या अभिमानाने सांगत होते की त्यांच्याकडे दोन देशांचे डॉक्टर आहेत. मी विचारलं, ‘आजोबा, त्यातल्या एकाने तरी तुमचं रक्त तपासलंय का?’ ते रुसून गेले. रुसू देत.

गेल्या आठवड्यात मी सुट्टी काढून ब्रॅकनेलला गेले, वहिनीला आवराआवरीत मदत करायला. पुण्याहून काकांचा फोन आला, अस्थी कधी आणताय म्हणून. वहिनी म्हणाली, ‘येतेच आहे, एप्रिलचं तिकीट काढलंय.’ फोन ठेवला, कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली आणि अगदी सहज, भाजीला मीठ कमी पडलंय अशा सुरात म्हणाली, ‘जाणारच आहे तर तिथे एक दाखवून येईन. काखेजवळ जरा गाठ लागतेय. नाताळापासून आहे. काही नसेल.’

मग जे तोंड सुटलं ते सुटलं. इतक्या वर्षांत मी वहिनीला कधी अरे-तुरे केलं नव्हतं, कायम अहो वहिनी, तुम्ही वहिनी. त्या दिवशी मी ओरडले, ‘तू वेडी आहेस का गं? नाताळापासून? आणि तू पुण्याला जाऊन दाखवणार?’ ती गडबडून म्हणाली, ‘अगं, इथे वेळ लागतो, तिथे दोन दिवसांत...’ ‘एक शब्द बोलू नकोस! एक शब्द नाही!’ मी तिच्या हातातून दादाचा स्वेटर हिसकावून घेतला. ती खाली बसली आणि दादा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच तिला चिडलेलं पाहिलं. ‘मला तरी काय माहीत गं? हेच बघत आले ना मी. याच घरात राहिले ना!’ मग आम्ही दोघी एकमेकींवर ओरडलो, कितीतरी वेळ, आणि त्या ओरडण्यात तो होता, आम्ही दोघी त्यालाच ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपीची लाइन उघडल्याबरोबर मी फोन लावला, तिच्यासमोर स्पीकरवर ठेवला आणि रिसेप्शनिस्टशी तिलाच बोलायला लावलं. तिने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, मग गाठ सांगितली. बाई म्हणाली, ‘आजच या.’ आजच! जीपीने बघून तातडीने पुढे पाठवलं. तपासणी झाली आहे, निकाल अजून यायचाय. एप्रिलचं तिकीट मी माझ्या हाताने रद्द केलं. काका रागावलेत, शास्त्रात काय सांगितलंय ते मला फोनवर समजावतात. दादाच्या अस्थी त्याच्या खोलीत आहेत, टेबलावर, जिथे तो दोन स्क्रीन शेजारी शेजारी लावून दोन्हीकडचे नियम वाचत बसायचा. वहिनी सकाळी तिथे चहाचा कप ठेवते आणि थंड झाला की उचलते. काल पुन्हा काकांचा फोन, ‘सुहासला अजून किती दिवस ताटकळत ठेवणार?’ मी म्हटलं, वहिनीचा निकाल येईपर्यंत. आधी तिचं. त्याला थांबू दे, त्याला सवय आहे.