काचेतली कवडी

सकाळचं कोवळं ऊन माझ्या खिडकीतल्या रिकाम्या बाटलीत शिरतं, तिच्या जाड तळाशी घटकाभर रेंगाळतं आणि समोरच्या भिंतीवर एक थरथरतं, नितळ वर्तुळ उमटवतं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती बाटली उचलतो, झाकण काढतो आणि नाकाशी नेतो. वास कुठून येणार? तिच्यात अत्तराचा थेंबही कधी पडलेला नाही!

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. तिथे उंची अत्तरांच्या बाटल्या घडतात, पण दरवळतो तो तापलेल्या लोखंडाचा आणि साच्यांना लावलेल्या तेलाचा वास. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत अखंड शिजत असतात. त्या नारिंगी रसाचा एक गोळा कापला जाऊन साच्यात पडतो, आत हवा फुंकली जाते आणि बघता बघता त्याला मान, खांदे, कंबर लाभते. केवढं हे नवल! माती तीच, पण अग्नीने तिला पारदर्शक केलेली. ही धगधगती बाटली एकदम गार केली तर तडकते, म्हणून लांबलचक बोगद्यातून सरकत्या पट्ट्यावर तिला हळूहळू निववावी लागते. या बोगद्याचं खरं नाव लेहर, पण आमच्याकडे सगळे म्हणतात लहर. 'माल लहरीत गेला' हे ऐकून सुरुवातीला मी चूक दुरुस्त करायची. आता मीही तसंच बोलते.

या लहरीच्या टोकाशी, उजेडाच्या पडद्यापुढे सिंधूअक्का बसते. मूळची धरणगावकडची, लेकीजवळ राहायला म्हणून इकडे आलेली. तिचं अर्धं आयुष्य कापूस वेचण्यात गेलं. शुभ्र कापसातून डागाळलेला, किडका कापूस, म्हणजे कवडी, वेगळी काढणारी तिची नजर काचेवरही तशीच फिरते. बुडबुडा असो, रेघ असो की चीर, तिच्या लेखी सगळी कवडीच. तिच्यामुळे आमचे इंजिनियरही आता अहवाल वाचताना 'आज कवडी किती?' असंच विचारतात.

गेल्या वर्षी एका परदेशी गिऱ्हाइकाला नमुना पाठवायचा होता. तो पसंत पडला, तरच तपासणीच्या टेबलावरच्या नऊ बायका कायम होणार होत्या, आणि अक्का त्यांच्यातलीच एक. गाडी फाटकाशी उभी होती. तपासणीची प्रमुख म्हणून कागदावर सही मला करायची होती आणि पेन माझ्या हातात होतं. तेवढ्यात अक्काने एक बाटली पुढ्यात सरकवली.

"ताई, हाई कवडी शे."

तळाच्या जाड काचेत मोहरीहूनही बारीक बुडबुडा होता. मी चिडले. अत्तर भरल्यावर तो कुणाला दिसणार, असं मी तिला जरा तोऱ्यातच विचारलं.

"कोनलेच दखावाव नही," ती शांतपणे म्हणाली, "पन माले दखायनं ना!"

बाकीचा माल पुन्हा पाहिला, तर त्या दिवशीच्या प्रत्येक बाटलीत तसाच बुडबुडा निघाला. भट्टीतला रस पुरता शिजलाच नव्हता. नोकरी जाण्याची भीती तिला नव्हती का? होती. तरी बाटली तिने मागे घेतली नाही. मला माझीच लाज वाटली. मी गाडी रिकामी परत पाठवली, गिऱ्हाइकाला उशिराचं खरं कारण कळवलं आणि नवा माल काढायला लावला.

नमुना पसंत पडला. नऊही जणी कायम झाल्या. काही महिन्यांनी त्या गिऱ्हाइकाकडून आमच्याच बाटलीत भरलेलं अत्तर भेट म्हणून आलं, तेव्हा ते मी सर्वांत आधी अक्काच्या हातात दिलं. म्हटलं, आता तरी वास घेईल! तिने झाकणाला हातही लावला नाही. बाटली पडद्यापुढे धरली, उलटी केली, तळ निरखला आणि समाधानाने मला परत दिली.

"कवडी नही."

खिडकीत ठेवलेली बाटली मात्र ती नव्हे. ही त्या दिवशीची, बुडबुड्याची. रोज सकाळी भिंतीवरच्या त्या नितळ वर्तुळात मधोमध एक काळा ठिपका दिसतो. पाहुण्यांच्या तो लक्षातही येत नाही. मला दिसतो, कारण ती बाटली मी पास करणार होते.