सर जाणार म्हणे

सर जाणार ही बातमी मला कॉलेजच्या कँटीनमध्ये कळली, आणि तीही मुलांच्या फुटबॉल टीमच्या गोलकीपरकडून. "तुमचे सर गोव्याला चालले. मोठ्या क्लबात. पक्कं आहे," असं म्हणून तो समोशाची प्लेट उचलून निघून गेला. मला हसूच आलं. ज्या माणसाला आमच्या कॉलेजनं अजून कायम केलं नव्हतं, त्याला गोव्याचा क्लब कशाला बोलावतोय?

सर शहरातलेच. लहानपणापासून आमखास मैदानावर खेळलेले. गुडघा गेला तसं खेळणं सुटलं, मग कोचिंगचा कोर्स केला आणि आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की त्यांची नोकरीही सुट्टीवर जायची आणि जूनमध्ये पुन्हा प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहायचं. मराठी बोलता बोलता हिंदीत जायचे, चिडले की पूर्णच हिंदीत.

मुलांची टीम आधीपासून होती. मुलींची सरांनी उभी केली. कुणी खो-खोतली, कुणी कबड्डीतली, एक तर नुसती धावणारी. मी खो-खोतली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गोलपुढं उभं केलं. "तू स्टॉपर. समोरची आली की बॉल नको बघू, तिची कंबर बघ. पाय खोटं बोलतात, कंबर नाही बोलत." ग्राउंड म्हणजे मुरूम आणि खडे. पडलं की गुडघ्याची साल जायची. पण मला पहिल्यांदा असं वाटलं की मी कुठंतरी उभी आहे आणि तिथून मला कुणी हलवू शकत नाही.

घर करमाडला. वडील शेंद्र्याच्या कंपनीत पाळीनं जायचे आणि उरलेल्या वेळात शेत बघायचे. संध्याकाळची प्रॅक्टिस संपवून घरी यायला अंधार व्हायचा. एक दिवस वडील म्हणाले, "बास झालं आता." मी सरांना सांगितलं की उद्यापासून येणार नाही. रविवारी ते मोटरसायकल घेऊन थेट घरी आले.

ओसरीवर बसले. आईनं चहा दिला. सर म्हणाले, "भाऊ, ही स्टॉपर आहे. हिच्यामागं फक्त गोलकीपर. ही नसली तर माझी टीम उघडी पडते."

वडील म्हणाले, "ते तुमचं खरं हाय, सर. पण पोरगी अंधारात यष्टीची वाट बघत उभी राहती. उद्या काही झालं तर गाव मला इचारील, तुम्हाला नाय."

"मग मला विचारा. मी आहे तोवर पोरीची जबाबदारी माझी. तिचं शेवटचं वर्ष होईपर्यंत मी कुठं जात नाही. जबान देतो तुम्हाला."

वडिलांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही हाय म्हणून पाठवतो. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर नाय."

सरांनी ते पाळलंही. रोज प्रॅक्टिस संपली की जालना रोडच्या स्टॉपवर मोटरसायकल लावून थांबायचे. मी बसमध्ये चढले, खिडकीतून हात केला की मगच किक मारायचे. दुसऱ्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. सत्कारात प्राचार्य लांबलचक बोलले. मैदानावर हिरवळ लावू म्हणाले, नवे किट देऊ म्हणाले. सरांचं नाव त्यांनी एकदा घेतलं, तेही चुकीचं. सर मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्या वेळी मला ते दिसलं होतं. पण त्यातून एखादा माणूस काय ठरवू शकतो, हे कळायचं माझं वय नव्हतं.

तर तिसऱ्या वर्षी ही बातमी आली. आधी कँटीनमध्ये, मग सगळीकडं. आमची लेफ्ट बॅक म्हणाली, "विचार ना तू. तुला सांगतील." प्रॅक्टिस संपल्यावर सर प्लास्टिकचे कोन एकात एक घालत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "सर, गोव्याचं खरं आहे का?"

"कौन बोला तेरे को?"

"सगळेच बोलतायत."

"सगळे बोलतात म्हणून मी गेलो का? स्पर्धा तोंडावर आली आणि मी तुम्हाला सोडून जाईन? पागल झाली का? जा, शूज काढ. बस निघून जाईल."

त्यांनी वर पाहिलं नव्हतं. पण मी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, त्यांच्यासाठी भांडले. जो कुणी म्हणेल सर चालले, त्याला मी तोंडावर खोटा ठरवायची. लेफ्ट बॅकशी तर दोन दिवस बोलले नाही.

एका सकाळी जादा प्रॅक्टिसला आम्ही ग्राउंडवर गेलो तर स्टोअरला कुलूप. सर नाहीत. वाट बघून बघून मी क्रीडा विभागात गेले. विभागप्रमुख पेपर वाचत होते.

"सर, बॉल हवेत. किल्ली आमच्या सरांकडं असते."

"किल्ली त्यांनी काल जमा केली."

"का?"

"का म्हणजे? गेले ते. गोव्याला. तुम्हाला सांगितलं नाही?"

मी फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग मोबाइलवर आमचा ग्रुप उघडला. शेवटची ओळ होती, सर ग्रुपमधून बाहेर पडले. वरच्या मेसेजमध्ये त्यांनी लिहिलं होतं की उद्या सगळ्यांनी वेळेवर यावं. मी त्या दोन ओळी कितीतरी वेळ बघत बसले.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. आमच्या महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांची व्यावसायिक क्लबमध्ये निवड, हार्दिक अभिनंदन. प्राचार्यांचा फोटो मोठा, संस्थेच्या अध्यक्षांचा त्याहून मोठा आणि सर कोपऱ्यात, पासपोर्ट साइझचे. ज्यांनी त्यांना दर जूनमध्ये दाराबाहेर उभं केलं, ते आता त्यांच्यावर हक्क सांगत होते. सर आणि कॉलेज, दोघंही मला सारखेच वाटले.

स्पर्धेला क्रिकेटचे कोच मॅनेजर म्हणून आले. झाडाखाली खुर्ची टाकून मोबाइल बघत होते. मध्यंतराला म्हणाले, "पोरींनो, जोर लावा जरा." आम्ही पहिलीच मॅच हरलो. लेफ्ट बॅक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला रडू आलं नाही. मला फक्त कुणाला तरी काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं, आणि समोर कुणीच नव्हतं.

वडील काही कामानं शहरात आले होते. त्यांनी तो फ्लेक्स पाहिला. घरी आल्यावर जेवताना म्हणाले, "तुझा सर गेला म्हनं."

"व्हय."

"मंग?"

त्या 'मंग'चा अर्थ मला कळला: आता बास. विद्यापीठाच्या टीमच्या निवडीसाठी माझं नाव गेलं होतं. मी गेले नाही. वडिलांवर मला रागावताही आलं नाही. ज्याच्या भरवशावर त्यांनी होकार दिला होता, तो माणूसच निघून गेला होता. वडील आपल्या शब्दापासून हलले नाहीत, एवढंच. वर्ष संपलं तशी टीमही संपली. कॉलेजच्या माहितीपुस्तकात मात्र करंडक घेतलेला आमचा फोटो पुढंही छापून येत राहिला.

मी बी.पी.एड. केलं. लग्न होऊन वैजापूरला आले, तिथल्याच एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. मुलींची टीम बांधली. गेल्या वर्षी एका क्लबची पुण्यात खुली निवड चाचणी होती, तिथं चार-पाच जणींना घेऊन गेले. क्लबचं जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून सर उभे होते. अंगानं भरले होते. गोवा सोडून या क्लबात आले होते बहुतेक.

त्यांनीच आधी ओळखलं. "अरे! माझी स्टॉपर!" खरंच आनंद झाला होता त्यांना. त्यामुळं मला जास्त त्रास झाला.

मी इकडचं तिकडचं बोलले नाही. सरळ म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलं का नाही?"

"क्लबनं सांगितलं होतं, सही होईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"आणि सही झाल्यावर?"

"झाल्यावर लाज वाटली. तुमच्यासमोर आलो असतो तर पाय निघाला नसता."

"निघाला असता, सर. आम्ही थांबवलं नसतं."

त्यांनी शिट्टी हातात फिरवली. मग विषय बदलावा तसं विचारलं, "खेळतेस का अजून?"

"नाही."

"का गं? किती चांगली होतीस तू!"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. "करमाडला आमच्या घरी आला होतात, आठवतं?"

"हौ, आठवतं ना! तुझ्या आईनं चहा दिला होता. आलं लई होतं त्यात. ओसरीवर बसलो होतो, दारात तांबडी गाय होती."

मी वाट पाहिली. पुढं काहीच आलं नाही. चहा आठवत होता, ओसरी आठवत होती, दारातली गाय कोणत्या रंगाची होती तेही आठवत होतं. वडिलांना काय सांगितलं होतं, ते नव्हतं आठवत. टीम उभी करायला अशा किती घरी गेले असतील, किती बापांना तेच सांगितलं असेल. त्यांच्यासाठी ते कामाचं बोलणं होतं. मैदानावरून कुणीतरी हाक मारली तसे ते "थांब हां, येतो," म्हणून गेले. मी थांबले नाही.

माझ्या मुलींपैकी कुणाचीच निवड झाली नाही. त्यात सरांचा काही संबंध नव्हता, मुली तेवढ्या तयार नव्हत्या. परतीच्या बसमध्ये मी कुणाशीच बोलले नाही. निवड झाली नाही म्हणून मॅडम रागावल्या, असं मुलींना वाटलं. मी त्यांना तसंच वाटू दिलं.