मार्थाआत्याची दुपारची भाकरी

संक्रांत होऊन गेली होती. मी कामासाठी माजलगावला गेले होते, तेव्हा चौसाळ्याहून शेजारच्या गयाबाईंचा फोन आला. "पोरी, मार्थाबाई उठंना गं..." एवढंच त्या बोलल्या.

मार्थाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मला तिनंच वाढवलं. आमच्या घराण्यात हट्टी माणसांना तोटा नाही, पण आत्या त्या सगळ्यांच्या वरताण. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या दिवसांत, ती दुपारचं जेवण सोडायची. आमच्या चर्चचे पाळकसाहेब उपवासाबरोबर दानाचंही सांगत. आत्याचं म्हणणं सरळ होतं, "उपास धरला अन् पीठ डब्यातच राहिलं, तर ती नुसती काटकसर झाली."

एका वर्षी तिनं ते पीठ वाटीत घालून गयाबाईंना नेऊन दिलं. त्यांचा मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, म्हातारी घरात एकटी. वाटी तशीच परत आली. "आमच्या कणगीत ज्वारी हाय, मार्थाबाई." खरंच होती. पण एकटीसाठी चूल कोण पेटवणार, म्हणून त्या शिळ्यापाक्यावर दिवस काढत. हे कळल्यावर आत्यानं दुसऱ्या दिवशी गरम भाकरी फडक्यात गुंडाळली आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"उपाशी माणसासमोर मी काहून खाऊ?" गयाबाई म्हणाल्या.

"मी सोडलेली भाकर कुणी खाल्ल्याबिगर माझा उपास देवाकडं पोचत न्हाई."

हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, देव जाणे. गयाबाई जेवल्या, पण त्याही काही कमी नव्हत्या. "फुकटचं खानार न्हाई. सांजच्याला उपास माझ्या घरी सोडायचा. साबुदाना न्हाई, भगर न्हाई, लई कडक हाय बाई तुमचा उपास."

द्यायला आत्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पण उभ्या जन्मात कुणापुढं हात न पसरलेली ही बाई रोज संध्याकाळी शेजारणीच्या ताटावर मुकाट बसायची, वाढलेलं सगळं संपवायची. पुढं दर वर्षी हेच चालू राहिलं. मला तिचा अभिमान वाटतो तो तिच्या दानापेक्षा या बसण्याचा...

यंदाच्या भस्म बुधवारी मी चर्चहून आले. आत्या नसलेल्या घरात चूल पेटवायचं मन होईना. दुपारी गयाबाई दारात आल्या. हातात आत्याचंच फडकं होतं, शेवटच्या खेपेला त्यांच्याकडं राहिलेलं. आत गरम भाकरी.

"मी आज जेवनार न्हाई," त्या म्हणाल्या. "तू खा. खाल्ल्याबिगर पोचत न्हाई, म्हनली व्हती ती."

पाण्याचा तांब्या घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या. त्या वाट बघत राहिल्या. मी सगळी भाकरी संपवली, फडकं झटकून त्याची घडी केली, आणि म्हटलं, "गयाबाई, सांजच्याला उपास सोडायला इकडंच या."