घुंगरं बांधलेला पेशंट

संकासुराचं ब्लड प्रेशर मोजलेली नर्स अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटीच असेन. चिपळूणच्या पुढे आत, डोंगराच्या कुशीतल्या त्या गावी उपकेंद्रात हजर होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. शिमग्याचे दिवस. मी दुपारी रजिस्टर भरत बसलेले, तर दारात छम छम वाजलं आणि एक काळाकुट्ट प्राणी आत आला. पायघोळ काळा झगा, तोंडावरून खाली ओढलेली उंच काळी टोपी, तिला डोळ्यांपुरती दोन भोकं, हनुवटीला तागाची हातभर पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. मी कराडची. आमच्याकडे असलं काही भरदुपारी दारात येत नाही. मी अशी किंचाळले की बाहेरची कोंबडी आत आली. तो मात्र शांतपणे खुर्चीत बसला, बाही वर सारली आणि म्हणाला, "भिऊ नका सिस्टर. परेशरचा पेशंट हाय."

मोजलं. एकशे तीस, ऐंशी. "छान आहे की," मी म्हटलं.

"असणारच. माझा परेशर वाढत नाय. मी लोकांचा वाढवतो."

हे शांतूआबा. कोकणात शिमग्याला नमनाचे खेळे निघतात, घरोघर फिरतात, देवळापुढे नाचतात. त्यात संकासूर असतो आणि त्याला कुणाचीही टर उडवायची मुभा असते. सरपंच, तलाठी, मुंबईहून आलेले चाकरमानी, आणि खेळात सोंग घेऊन आलेले देवसुद्धा. शांतूआबा तीस वर्षं तेच करत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भर अंगणात हाळी दिली, "कराडची सिस्टर आली हो! गुरांचा डॉक्टर रजेवर गेला!" मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी उपकेंद्रात ही रांग! सगळे मला बघायला आलेले. आलेच आहेत तर म्हणून मी प्रत्येकाची साखर तपासून घेतली.

गंमत अशी, की हा माणूस झग्याबाहेर अगदी मुका. एरवी ते गवंडी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती बांधायचे. "आबा, जेवलात का?" विचारलं तर मान हलवायची. "काय जेवलात?" विचारलं तर पळून जायचे. झगा उतरवला की जीभही खुंटीला टांगून ठेवत असावेत. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं, "लग्नाचा होकारसुद्धा शिमग्यातच दिलान हो. टोपी घालून आला नि बोलला, पोरगी बरी हाय."

तो झगा शिवायचे हसनचाचा. त्यांचं शिलाईचं दुकान माझ्या उपकेंद्राला खेटून होतं. दोघे एका बाकावर शिकलेले, एकाच दिवशी शाळेतून पळालेले. दर माघात नवा झगा शिवायचा आणि दर माघात दाढीवरून भांडायचं. झगा अंगात आल्याशिवाय आबा भांडू शकत नसत, म्हणून चाचा आधी टोपी तयार करून द्यायचे.

"शांत्या, तुझी दाढी माझ्या दाढीपेक्षा लांब नाय करणार."

"मग तू तुझी वाढव मेल्या! मी कशाला कापू?"

हे मी भिंतीपलीकडून सात वर्षं ऐकलं.

सातव्या वर्षी आबांनी नवीन सोंग काढलं. संकासूर झाला रेशन दुकानदार. गणपती आला तसं म्हणाला, "देवा, तांदूळ पायजे? अंगठा लाव." ठसा जुळेना. "सोंड लाव." तीही जुळेना. "मग तू गणपती हायस कशावरून?" यावर गणपती संकासुराच्या पाठीत सोंडेचा असा रट्टा घालतो की तो कोलमडतो आणि ओरडतो, "जुळला! ठसा जुळला!" बायाबापड्या डोळे पुसून हसल्या. स्वतः गणपती झालेला दत्तू मुखवट्याच्या आत हसून गुदमरला, त्याला मी पाणी पाजलं.

कुणीतरी याचा व्हिडिओ काढला आणि रट्ट्याच्या आधीच कापला. खाली लिहिलं, देवाची चेष्टा, आणि झगा शिवणारा कोण ते बघा. तीन दिवसांत तो व्हिडिओ सगळ्या मोबाइलांवर.

चौथ्या दिवशी भरदुपारी वीस-पंचवीस मोटारसायकली आल्या. परके कोणी नव्हते हो, आजूबाजूच्याच गावांतली पोरं. त्यातल्या दोघांना मी शाळेत धनुर्वाताची सुई टोचली होती. तेव्हा दोघंही आईला हाका मारून रडले होते. आज हातात दांडे. पुढे काळा गॉगल लावलेला एक म्होरक्या. "बाहेर ये रे शिंप्या!" म्हणून त्यानं आरोळी ठोकली. पहिला दगड काचेच्या कपाटावर बसला आणि काच उडून चाचांच्या कपाळात घुसली. मी चौकीला फोन लावला. "निघालोच," म्हणाले. म्हणजे पाऊण तास. एकानं दुकानाबाहेर पेट्रोलची बाटली आणून ठेवली. आत म्हातारा माणूस, चहूबाजूंनी कापड.

तेवढ्यात छम छम ऐकू आलं. खेळे वरच्या वाडीत होते. तिथून शांतूआबा झग्यानिशी धावत आले होते. हातात मानाचा नारळ. ते थेट दुकानाच्या पायरीवर चढले, नारळ दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि गाऱ्हाणंच सुरू केलं.

कोकणात गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेलं साकडं. एकानं मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. जन्मापासून कानांवर पडलेलं असतं. ते सुरू झालं की पायांतली वहाण निघते, हात जुळतात, डोक्याला विचारावं लागत नाही.

"बा देवा म्हाराजाऽ!" आबांनी सूर लावला. "आज ही तुझी लेकरा उन्हातान्हाची इथं आली हायत..."

मागून दोघातिघांनी सवयीनं ओ दिली, "व्हय म्हाराजा."

"गप रे!" म्होरक्या ओरडला. पण काहींनी चपला काढल्यासुद्धा. घुंगरं एका लयीत वाजत होती.

"त्यांच्या गाड्यांना पेट्रोल पुरू दे..."

"व्हय म्हाराजा!"

"जो मुंबईत नोकरी शोधतोय, त्याला ती मिळू दे..."

"व्हय म्हाराजा!" आता आवाज भरला. दांडे काखेत गेले, कारण हात जोडायचे होते.

"ज्याचा लगीन जमत नाय, त्याचा ह्या वैशाखात जमू दे..."

"व्हय म्हाराजाऽ!" आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज गॉगलवाल्याचा. बिचारा पस्तिशीला टेकला होता.

"आणि ह्या हसनच्या दुकानावर ज्याचा हात उठल, त्याचा जमलेला मोडू दे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळे बोलून गेले. एक पोरगा हळूच म्हणाला, "आयला, आपण व्हय बोललो." आबांनी थांबायचं नाव घेतलं नाही, नारळ पायरीवर फोडला आणि शकलं वाटत सुटले. प्रसाद नाही कसा म्हणणार? गॉगलवाल्यानं आधी चप्पल शोधली, मग खोबरं खाल्लं, मग गाडीला किक मारली. जाताना पेट्रोलची बाटलीही घेऊन गेला. त्याची गाडी रिझर्व्हला होती म्हणे.

सांगायला लाज नाही, दाराआड मीही चपला काढून "व्हय म्हाराजा" म्हणत होते. कराडची असून!

चाचांच्या कपाळाला मी दोन टाके घातले. तशातही ते आरशात बघून म्हणतात, "सिस्टर, टाका जरा बारीक घ्यायचा होतात. ही तर गोणपाटाची शिलाई झाली." मग आबांना खुर्चीत बसवून प्रेशर मोजलं. एकशे नव्वद, एकशे दहा! "अहो आबा! भीती वाटली होती का?" त्यांनी टोपी काढली होती. मान खाली घातली आणि गप्प.

आता गावानं या माणसाला खांद्यावर घ्यायला नको? छे! गावकीची बैठक बसली. गुरवबुवा भडकलेले: गाऱ्हाणं घालायचा मान गुरवाचा, संकासुरानं घातलंच कसं? आणि गावकीनं ठरवून टाकलं, पुढच्या शिमग्यापासून संकासुरानं देवाशी एक शब्द बोलायचा नाही. उगाच नसती भानगड नको. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहून वाट्टेल ते बोलले, पण बदलीच्या माणसाचं कोण ऐकतो? आबांना विचारलं. त्यांनी मान हलवली. झगा नव्हता ना अंगात.

ते मी वर्षभर जिवाला लावून घेतलं. झग्यातली जीभही गेली, तर या माणसाकडे उरलं काय?

पुढचा शिमगा आला. देवळापुढे खेळे उभे राहिले, गणपती आला, आणि संकासूर पुढे झाला. टोपीवर तोंडाच्या जागी चाचांनी शिवली होती चेन. पर्सला असते तशी, लालभडक, आणि गच्च बंद! लोक हसले. मग वाट बघू लागले. आबा नुसते उभे. दत्तू सोंड सावरत घुटमळला. कुणालाच पुढे काय करावं कळेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून भागीआजी खेकसली, "अरे, अंगठा घे की त्याचा!" मागून कोणी ओरडलं, "सोंड लावा, सोंड!" बघता बघता अख्खं गाव बोलायला लागलं. लेकुरवाळ्या बाया, चाकरमानी, शाळेतली पोरं, सगळ्यांना सोंग तोंडपाठ. शेवटी गुरवबुवाच उठले. तणतणत आले आणि म्हणाले, "उघड बाबा ती चेन! बिन संकासुराचा हा कसला खेळ?" स्वतःच ओढायला लागले, तर चेन अडकली. बुवांनी दात लावून पाहिलं. मग हसनचाचांना मंडपातून हाक गेली. चाचा आले, चष्मा पुसला, "जोर लावायचा नसतो बुवा," म्हणाले आणि दोन बोटांनी अलगद उघडली.

सगळे कान देऊन बसले. वर्षभर गप्प राहिलेल्या संकासुराचे पहिले शब्द आले, "पाणी द्या गो कोनीतरी. आत लय उकडतंय."

त्याच मे महिन्यात माझी बदली अलोऱ्याला झाली. एसटीच्या थांब्यावर आबा आले होते, साध्या कपड्यात, त्यामुळे अर्थातच मुके. अर्धा तास नुसते शेजारी उभे. गाडी दिसली तशी त्यांनी पिशवीतून काळी टोपी काढली आणि भर रस्त्यात डोक्यावर चढवली.

"सिस्टर, तुमी इचारलात ना, भ्यालो होतो काय म्हणून? लय भ्यालो होतो. अंग असा लटलट कापत होता. घुंगरा वाजली, तर लोकांना वाटला, नाचतोय."