शेवटाच्या दिवसांतलं लगन

आमच्या बाबाला जगाचा शेवट फार आवडायचा. वारासिवनीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं दोनच, पण रविवारी ओसरीवर बसून बाबा बायबलातलं प्रकटीकरण वाचू लागला की अख्ख्या तालुक्यावर आग पडणार असं वाटे. सात शिक्के, सात कर्णे, समुद्रातून निघणारं सात डोक्यांचं जनावर. गळाही काय दिला होता देवानं! मी चुलीपाशी बसून ऐके. आई गेल्यापासून चूल माझ्याकडेच होती.

मी लग्नाची झाले तशी स्थळं येऊ लागली. खैरलांजीहून एक मास्तर मायला घेऊन आला, साधा, हसरा. मला पसंत होता, सांगायला लाज कसली! त्याचे पोहे संपायच्या आत बाबानं बायबल उघडलं. शेवटाच्या दिवसांत गरोदर बायांचे आणि अंगावर पाजणाऱ्यांचे हाल कुत्रं खाणार नाही, असा अर्थ लावून सांगितला. म्हणाला, "दुनिया संपून राह्यली, मास्तर. अशात पोरीले लेकराच्या फंदात टाकून कायले मारू?"

मास्तराची माय "प्रभूची मर्जी" म्हणत उठली. मास्तरानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

आणखीही आले, गेले. आणि मी बाबावर विश्वास ठेवला हो! धान वाहून जाईल असा पाऊस लागला की वाटे, आला शेवट. बरं झालं, आपल्या कडेवर लेकरू नाही.

मग धाकट्या भावाला मिसरूड फुटलं आणि बाबा बालाघाटला जाऊन सून पाहून आला. लग्नाला बँड लावला, बँड! वर्षाच्या आत सुनेला दिवस गेले तर गावभर पेढे वाटले. मला बजावलं, "तिले जड उचलू देऊ नको." तिचे सुजलेले पाय रोज मीच चोळत होते.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता मी विचारलं, "बाबा, गरोदर बायांचे हाल होणार होते ना?"

"हौ. पण शेवटाच्या दिवसांत. ते दिवस अजून कुठं आले?"

"मंग माह्या वेळेस आलते काय?"

बाबा चिडला नाही. लाजलाही नाही मेला. चष्मा धोतराला पुसत म्हणाला, "तुह्या वेळेस तुही माय नव्हती. मले रांधून कोण घालणार होतं? आता सून आली. आता पाहतो तुह्यासाठी एखादा बायको मेलेला. लेकरंबी आयतीच भेटतीन."